लक्ष्मीबाईंची वेगळी चूल



गेल्या पावसाळ्यात आम्ही गटाच्या बैठकीनंतर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मोठ्यानं वाचायला घेतलं. जिला वाचता येतं तिनं वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा फोडत, वाती वळत ऐकायचं. यातला एखादा धडा आपल्यातल्या कित्येकींना शाळेत होता. मास्तर वाचायचे आणि सगळा वर्ग हसायचा. पण या बाईंचा संसार मधली काही वर्षं पार मोडला होता, हे धड्यावरून कळत नाही. नवऱ्यानं धर्म बदलला, बायकोला न सांगता. पुढे तोच संसार पुन्हा उभा राहिला.

आमच्या गटात वारीला जाणाऱ्या बायका आहेत, तशा रविवारी चर्चला जाणाऱ्याही आहेत. पुस्तक संपता संपता दोघींत जुंपली. एकीचं म्हणणं, प्रभूनं जोडलं. दुसरीचं म्हणणं, कसला प्रभू, शेवटी बाईनंच नमतं घेतलं. त्या भांडणातूनच आजचं हे बोलणं सुचलं.

आधी एक सांगून टाकतो. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी. जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. लक्ष्मीबाई त्यांच्याहून सहासात वर्षांनी लहान. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, माहेरचं नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणायचे. मनूच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. वेड म्हणजे अक्षरशः वेड. बाजारातून आलेला दाणागोटा धुतल्याशिवाय घरात जायचा नाही. शिवाशिव झाली की आंघोळ, पुन्हा झाली की पुन्हा आंघोळ. अशा घरात वाढलेली ही मुलगी. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि मनूची लक्ष्मी झाली. तिच्या वडिलांचं हे सोवळं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिथेच येऊन अडतं.

नवरा बुद्धीनं अलौकिक, स्वभावानं अवघड. उभ्याउभ्या कविता करणारा, गोड बोलणारा, आणि तितकाच शीघ्रकोपी. एका गावात पाय टिकायचा नाही. आज इथे नोकरी, उद्या तिथे, मध्येच न सांगता गायब. बायको माहेरी नाहीतर कुणा नातेवाइकाकडे. हातात पैसा ठरायचा नाही. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. घरात मीठ-तेल आहे की नाही याची त्यांना शुद्ध नसायची. पहिली मुलं जगली नाहीत. १८९१ साली दत्तू झाला, तो जगला.

म्हणजे हा संसार धर्म बदलल्यावर मोडला असं नाही, तो आधीपासूनच डुगडुगत होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो ते लक्ष्मीबाईंच्या सांगण्याला. त्यांनी जे भोगलं त्यात हसण्यासारखं फार थोडं आहे. आमच्यातली एक म्हणाली तसं, दुसऱ्याच्या घरचा उधळ्या नवरा गोष्टीत बरा वाटतो.

मग १८९३ सालची ती आगगाडी. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. कवितेच्या, धर्माच्या गोष्टी निघाल्या. उतरताना त्यानं नवा करार हातात दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक चाळायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. शत्रूवर प्रेम करा, गरीब ते धन्य, हे वाचून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. त्यांच्या मनात आधीपासून एक प्रश्न सलत होता. या देशाला जात पोखरते आहे, तर सगळ्या माणसांना एका पंगतीत बसवणारा धर्म कुठे आहे? त्याचं उत्तर त्यांना तिथे सापडलं. पुढे ते म्हणत, मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून. आपल्या चर्चमधल्या बहिणी आजही उपासनेत त्यांचे अभंग आणि भजनं म्हणतात, ते उगाच नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. त्यांना हे नंतर कळलं.

इथे आम्ही वाचन थांबवलं होतं. बायका गप्पच झाल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय, ते नीट समजून घेऊ. घरातला माणूस ख्रिस्ती झाला की नातेवाइकांच्या लेखी तो मेला. पण तो जिवंत आहे, म्हणून बायको विधवा नाही. त्याच्याबरोबर जेवता येत नाही, त्याच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणून ती सवाष्णही धड नाही. कुंकू आहे, पण ज्याच्या नावाचं आहे त्याला शिवायचं नाही. वय पुरतं सत्तावीसही नाही आणि पदरात चार वर्षांचं पोर. लक्ष्मीबाई त्या धक्क्यानं वेड्यापिशा झाल्या. नातेवाइकांच्या आधारानं पंढरपुरात राहिल्या. तिथल्या त्या दिवसांत त्यांच्या तोंडून कविता यायला लागली. अक्षरओळख असलेली, कोणत्याही शाळेत न गेलेली बाई ओव्या रचू लागली. आपल्या आज्यांनी जात्यावर तेच केलं, फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण कुणाचा जोर किती होता ते त्यावरून कळतं. सरकारनं १८६६ साली एक कायदा केला होता. हिंदू माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणानं बायको सहा महिने नांदायला आली नाही, तर त्याला कोर्टात जाता यायचं. न्यायाधीश बायकोला विचारायचा की नवऱ्याबरोबर राहतेस का. ती नाही म्हणाली, तर विचार करायला एक वर्ष द्यायचा. वर्षानंतरही उत्तर नाहीच असेल तर लग्न मोडायचं आणि दोघंही दुसरं लग्न करायला मोकळी. ख्रिस्ती झालेल्या बाईलाही हाच हक्क होता. पण कोर्टाची पायरी चढायची ती धर्म बदललेल्यानंच. जी मागे राहिली तिला तसा अर्ज करायची सोय नव्हती. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून हिंदू बायकोला घटस्फोट मागता येतो, हे कलम १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आलं, म्हणजे लक्ष्मीबाई जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर.

टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या आठ वर्षं आधी, त्याच मुंबईत, रखमाबाईंना कोर्टानं सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ते १८८७ साल. तो खटला वेगळा, तिथे धर्माचा प्रश्न नव्हता. पण बायको नांदायला येते की नाही हे कोर्टानं ठरवण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घ्या.

टिळकांना १८६६ च्या कायद्याची वाट मोकळी होती. ते त्या वाटेनं गेले नाहीत. दुसरं लग्न केलं नाही. दत्तूही आईजवळच राहिला. त्या काळात पोरावर बापाचा हक्क पहिला मानला जायचा, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीनं इथे बायबल उघडलं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलानं सांगितलंय की विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल, तर विश्वासणाऱ्यानं तिला टाकू नये. आणि ती निघून जात असेल तर जाऊ द्यावं, बळजबरी नको. सोडचिठ्ठीचा कायदा करणाऱ्यांनी या अध्यायाचा दुसरा भाग धरला. टिळकांच्या वागण्यात पहिला भाग दिसतो.

पण म्हणून त्यांना सगळंच माफ करायला आम्ही तयार नाही. ज्या माणसाला बायकोच्या विचाराची एवढी कदर, त्यानं आधी तिला विचारायला हवं होतं. देवाचं काम म्हटलं तरी घरात चोरून करू नये. आमच्या मते लक्ष्मीबाईंना झालेली जखम धर्माची कमी आणि न सांगण्याची जास्त होती. वारीवाल्या आणि चर्चवाल्या, दोघींचं यावर मात्र एकमत झालं.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या. टिळक तिथे मिशनचं काम करत होते, डॉक्टर ह्यूम यांच्याबरोबर. त्या आल्या, पण धर्म बदलून नव्हे, आपलं सोवळं घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. पाट्यावरवंट्यापासून कळशीपर्यंत जे ब्राह्मणाच्या घरात पाळतात ते सगळं त्यांनी ख्रिस्ती नवऱ्याच्या गावात पाळलं. टिळकांनी पाळू दिलं.

पुस्तकातली ही पानं आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. शाळेच्या धड्यात ही कधी आली नाहीत. विचार करा, आजूबाजूला सगळी ख्रिस्ती वस्ती. नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळींत महार-मांग समाजातून आलेली माणसं फार. त्यांच्यात ही एकटी बाई ओलेत्यानं पाणी भरते, कुणी शिवलं की पुन्हा आंघोळ करते. लोक काय म्हणत असतील? आणि मिशनमध्ये प्रतिष्ठा असलेल्या नवऱ्याला कमीपणा वाटला नसेल? स्वतः जात सोडलेला हा माणूस, त्याच्याच घरात जातीची चूल धगधगत होती. त्यानं ती विझवली नाही. तापट माणसाच्या हातून हे घडलं, यालाच आम्ही त्याच्या श्रद्धेची खूण मानतो. त्याचं प्रवचन नंतर ऐकू.

त्यात लक्ष्मीबाईंना एक गोष्ट मिळाली, वेळ. माणूस रोज समोर दिसत होता. तो दारू पीत नव्हता, देवळाची निंदा करत नव्हता, दारात आलेल्याला हाकलत नव्हता. उपाशी, अनाथ पोरं घरी आणत होता. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ याच भागानं सोसला. नगर जिल्ह्यात जुन्या बायकांच्या तोंडी त्याच्या गोष्टी आमच्या लहानपणापर्यंत होत्या. बाटलेला म्हणून ज्याची भीती घातली होती, तो माणूस बाटल्यावर वाईट झालेला दिसेना. राग पहिल्यासारखा होता, पण तो उतरल्यावर पश्चात्तापही दिसत होता.

मग राहुरीला असताना ते घडलं. लक्ष्मीबाई ते फार साधेपणानं सांगतात. त्यांच्या मनात प्रश्न आला, जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर प्रत्येक जातीची शरीरंही वेगळी केली नसती का? जनावरांत जशी बैल आणि घोडा वेगळी दिसतात, तशी माणसं दिसत नाहीत. म्हणजे हे काम माणसाचं. एवढा उलगडा झाला आणि त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं.

क्रम पाहिलात ना? आधी पाणी सुटलं, मग धर्म. ज्या वडिलांनी जन्मभर धुतल्याशिवाय दाणा घरात घेतला नाही, त्यांच्या मुलीनं पाण्यातली जात सोडली. ती सुटल्यावर नवऱ्याच्या आणि तिच्या मध्ये जी भिंत होती तिच्यात फारसं काही उरलंच नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, टिळकांच्यानंतर पाच वर्षांनी. नवरा गेला म्हणून मागोमाग गेली असं म्हणायला ही पाच वर्षं फार मोठी आहेत.

पण “नमतं घेतलं” म्हणणारी आमची मैत्रीण हट्टी. तिनं विचारलं, “ती शेवटी गेलीच ना त्याच्या धर्मात? तो का नाही आला परत तिच्या?” प्रश्न खरा आहे. आम्ही तिला एवढंच म्हणालो की लक्ष्मीबाईंना परत जायला जागा होती, हे विसरू नकोस. मधल्या वर्षांत नातेवाइकांनी त्यांना आणि दत्तूला सांभाळलं. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, “सांभाळलं म्हणून तर ती थांबू शकली. मला कुणी आठ दिवस ठेवलं नव्हतं.” त्यावर कुणीच काही बोललं नाही.

बाप्तिस्मा झाल्यावर दोघं सुखानं नांदू लागली आणि गोष्ट संपली, असं काही झालं नाही. टिळकांचा हात तसाच सढळ राहिला, घर तसंच ओढग्रस्तीचं. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. आता दोघांचं काम एक झालं. घर पोरांनी भरलं, त्यांचं खाणंपिणं लक्ष्मीबाईंच्या अंगावर. प्लेगच्या दिवसांत, लोक आपल्या माणसाला सोडून पळत होते तेव्हा, त्यांनी आजारी मुलींची सेवा केली. त्याच घरात त्र्यंबक ठोंबरे नावाचा मुलगा लेकरासारखा राहिला. हे आपले बालकवी. त्यांना या घरानं प्रेम दिलं, कविता दिली, पण धर्म बदल म्हणून अडवलं नाही, ते हिंदूच राहिले. आम्हाला वाटतं, वेगळ्या चुलीचा धडा दोघांनीही गिरवला होता.

मग १९१७ साली टिळकांनी पुन्हा एकदा घर हलवलं. मिशनचं काम सोडलं, संन्याशासारखं राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. हिंदी माणसानं हिंदी पद्धतीनं ख्रिस्ताच्या मागे जावं, साहेबाच्या पद्धतीनं नको, असा त्यांचा आग्रह. विचार मोठा होता. पण बाई म्हणून वाचताना आम्हाला प्रश्न पडला, पुन्हा ओढाताण कुणाची? या वेळी मात्र लक्ष्मीबाई ती पंढरपूरची भेदरलेली पोर नव्हती. नवऱ्याला तोंडावर बोलायची, त्याच्या वेडाला हसायची आणि आपलं काम धरून राहायची ताकद तिच्यात आली होती. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.

त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं, येशूचं चरित्र, आपल्या रामायणासारखं ओव्यांत. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. कागद तसेच राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं. संस्कृत जाणणाऱ्या पंडितानं सुरू केलेलं काम, शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्याच्या बायकोनं वर्षानुवर्षं ओढलं. ‘ख्रिस्तायना’तले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत, टिळकांचे थोडे. आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीलासुद्धा हे ठाऊक नव्हतं.

त्याच म्हातारपणात त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. दत्तू आता मोठा देवदत्त झाला होता, तोच मागे लागला होता. १९३४ पासून एकेक भाग छापून येऊ लागला. त्यात त्या नवऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘टिळक’ म्हणतात. ‘हे’ नाही, ‘इकडून’ नाही. आमच्यातल्या नव्या सुनांना याचं फार नवल वाटलं. एकीनं घरी जाऊन नवऱ्याला आडनावानं हाक मारून पाहिली, सासूबाईंनी काय केलं ते इथे सांगत नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग अर्धाच राहिला होता, तो देवदत्तानं पुरा केला. ‘ख्रिस्तायन’ दोन वर्षांनी, १९३८ साली, छापून आलं. आमच्या गटातलं भांडण काही मिटलेलं नाही. पुस्तकाची प्रत सध्या वारीवाल्या बाईकडे आहे, ती म्हणते दुसऱ्यांदा वाचून मग उत्तर देते.